संधिवात, दात्र-कोशिका रोग व श्वेत कोशिका : नंदुरबार जिल्हा

सांधे दुखणे, सुजणे व आखडणे ही लक्षणे अनेक भिन्न रोगांत आढळतात. परंतु लोकव्यवहारात त्या सर्वांना ‘वात’ किंवा ‘संधिवात’ हे एकच नाव आहे. वैद्यकशास्त्राने गेल्या दोन शतकांत हे रोग एकमेकांपासून वेगळे केले. त्यांपैकी दोहोंचा येथे विचार केला आहे. पहिला ‘संधिवाताभ संधिशोथ’ होय. यात शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. दुसरा ‘दात्र-कोशिका रोग’ (दात्र म्हणजे विळा, बोलीभाषेत ‘सिकलसेल’) होय. हा रक्ताचा आनुवंशिक रोग असून त्यात तांबड्या कोशिका विळ्याच्या आकाराच्या होतात व हाडे आणि सांधे यांत तीव्र वेदना निर्माण करतात. दोन्ही रोगांत रक्तातील श्वेत कोशिकांचा वाटा मोठा आहे, पण तो निरनिराळ्या प्रकारचा आहे. महाराष्ट्राच्या वायव्य टोकाच्या नंदुरबार जिल्ह्यात दात्र-कोशिका जनुकाचे प्रमाण मोठे असल्याने हा भेद तेथे केवळ शास्त्रीय कुतूहलाचा विषय राहत नाही. एका रोगावरील औषध दुसऱ्या रोगात अपाय करू शकते.

प्रदेश व लोक : नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा प्रदेश खानदेशचा व १९०६ नंतर पश्चिम खानदेशचा भाग होता. नंदुरबार, नवापूर, शहादे, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी (मुख्य ठिकाण धडगाव) असे त्याचे सहा तालुके आहेत. जिल्ह्यातून तापी वाहते व उत्तर सीमेवर नर्मदा आहे; या दोन नद्यांच्या दरम्यान सातपुड्याच्या रांगा पसरलेल्या आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सु. १६ लाख ४८ हजार असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ६९ टक्के होते. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, गावित, धानका इ. समाज येथे राहतात. डोंगरातील पाडे विखुरलेले असून रुग्णाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणण्याचा प्रसंग अनेक ठिकाणी येतो. नर्मदाकाठच्या गावांसाठी नावेवरचा तरंगता दवाखाना सुरू करावा लागला, यावरून तेथील दळणवळणाची कल्पना येते. शेतीचा हंगाम संपल्यावर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी व इतर मजुरीसाठी गुजरातेत जातात. कडाक्याची थंडी, अतिश्रम, शरीरातील पाणी कमी होणे व ताप या कारणांनी दात्र-कोशिका रोगाच्या वेदना उसळतात. सातपुड्यातील हिवाळा आणि स्थलांतरित मजुराचे जीवन यांत ही सर्व कारणे एकत्र येतात.

श्वेत कोशिकांच्या कार्याचा शोध : श्वेत कोशिका एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सूक्ष्मदर्शकाखाली अनेकांनी पाहिल्या होत्या, परंतु त्यांचे कार्य कळले नव्हते. जर्मन शास्त्रज्ञ पॉल अर्लिक यांनी १८७९ च्या सुमारास रंजकद्रव्यांच्या साहाय्याने त्यांचे प्रकार वेगळे केले. रशियन जीववैज्ञानिक ईल्या मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये सिसिलीतील मेसीना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून पाहिला, तेव्हा काट्याभोवती फिरत्या कोशिका गोळा झालेल्या त्यांना दिसल्या. बाहेरून आलेल्या वस्तूला व जंतूंना गिळणाऱ्या या कोशिकांना ‘भक्षिकोशिका’ असे नाव मिळाले. मेचनिकॉव्ह व अर्लिक यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. महाराष्ट्राशी या परंपरेचा एक संबंध आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली असता तेथे येऊन प्लेगची लस तयार करणारे वॉल्डेमार हाफकिन हे ओडेसा येथे मेचनिकॉव्ह यांचे शिष्य होते. त्यांनी उभारलेल्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले.

निरोगी प्रौढाच्या रक्तात दर घन मिमी. मध्ये सु. ४,००० ते ११,००० श्वेत कोशिका असतात. त्यांतील निम्म्याहून अधिक सामान्यतः ‘न्यूट्रोफिल’ या जातीच्या असतात. यांचे केंद्रक अनेक खंडांचे असून कोशिकाद्रव्यात प्रथिने पचविणाऱ्या एंझाइमांचे कण असतात. अस्थिमज्जेत निर्माण झालेली ही कोशिका रक्तात अल्पकाळ राहते, जंतुसंसर्गाच्या जागी केशवाहिनीच्या भित्तीला चिकटते, भित्तीतून बाहेर पडते, जंतू गिळते व बहुधा तेथेच मरते. चिकटणे, बाहेर पडणे, गिळणे व एंझाइमे सोडणे या चार क्रियांवर तिची उपयुक्तता अवलंबून असते. पुढे वर्णिलेल्या दोन्ही रोगांत याच क्रिया अनाठायी घडतात. लसीका कोशिका ही श्वेत कोशिकांची दुसरी महत्त्वाची जात असून प्रतिपिंडांची निर्मिती व प्रतिरक्षेचे नियमन ही तिची कामे आहेत.

संधिवाताभ संधिशोथ : फ्रेंच वैद्य ऑगस्टीन लांद्रे-बोव्हे यांनी १८०० मध्ये पॅरिस येथे या रोगाचे वेगळे वर्णन केले व तो गाउट या विकाराहून भिन्न असल्याचे सुचविले. इंग्रज वैद्य आल्फ्रेड गॅरड यांनी १८५९ मध्ये त्याला आजचे नाव दिले. जगात सामान्यतः शंभर प्रौढांमागे एकाहून कमी व्यक्तींना हा रोग होतो. स्त्रियांत त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील त्याचे प्रमाण प्रथम पद्धतशीरपणे मोजले गेले ते पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे. जागतिक आरोग्य संघटनेशी निगडित अशा संधिरोग सर्वेक्षणाचा एक भाग म्हणून डॉ. अरविंद चोपडा यांच्या नेतृत्वाखाली १९९६ मध्ये तेथे घरोघर पाहणी झाली. तीत हे प्रमाण सु. अर्धा टक्का आढळले. हातापायांच्या लहान सांध्यांना दोन्ही बाजूंस सारखी सूज, सकाळी तासभर किंवा अधिक काळ राहणारा ताठरपणा आणि बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरुवात ही त्याची ओळख आहे.

रोगाचे मूळ प्रतिरक्षा यंत्रणेत आहे, हे ध्यानात येण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. नॉर्वेतील एरिक वालर यांनी १९४० मध्ये व अमेरिकेतील हॅरी रोझ यांनी १९४८ मध्ये रुग्णांच्या रक्तात एक विशिष्ट प्रतिपिंड असल्याचे दाखविले. त्यास ‘संधिवाताभ घटक’ म्हणतात. रोगग्रस्त सांध्यातील श्लेषक कलेत (सांध्याच्या आतील पातळ अस्तरात) लसीका कोशिका गोळा होतात, तर सांध्याच्या पोकळीतील द्रवात मुख्यत्वे न्यूट्रोफिल आढळतात. निरोगी सांध्यातील द्रवात दर घन मिमी. मध्ये श्वेत कोशिका दोनशेहून कमी असतात. रोगग्रस्त सांध्यात त्या काही हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत वाढतात. तेथे जंतू नसतात. न्यूट्रोफिल प्रतिपिंडांचे गुंते गिळतात, त्यांची एंझाइमे बाहेर सांडतात आणि कूर्चा झिजू लागते. २००४ मध्ये असे आढळले की, न्यूट्रोफिल आपले केंद्रकातील द्रव्य जाळ्यासारखे बाहेर फेकून जंतूंना पकडतात. संधिवाताभ संधिशोथात ही जाळी बदललेली प्रथिने उघडी करतात व त्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्यास हातभार लावतात, असे त्यानंतरच्या संशोधनातून दिसून आले.

सांध्यात अशा प्रकारे अतिक्रियाशील असलेल्या श्वेत कोशिका रक्तात मात्र उण्या पडू शकतात. १९७१ मध्ये अमेरिकेतील मोवट व बॉम यांनी या रुग्णांच्या रक्तातील न्यूट्रोफिलांची रासायनिक खुणेच्या दिशेने सरकण्याची क्षमता कमी झाल्याचे दाखविले. या रुग्णांना जंतुसंसर्ग अधिक होतात, याचे एक कारण त्यात शोधले गेले. त्याआधी १९२४ मध्ये ऑगस्टस फेल्टी यांनी संधिशोथ, प्लीहावृद्धी व श्वेत कोशिकांची घट ही तीन लक्षणे एकत्र असलेले रुग्ण वर्णिले होते. त्यास ‘फेल्टी लक्षणसमूह’ म्हणतात.

दात्र-कोशिकेचा शोध : या रोगाचा इतिहासही सांधेदुखीशी जोडलेला आहे. १९०४ च्या अखेरीस ग्रेनाडा बेटातून शिकागो येथे दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी आलेला एक तरुण रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या रक्तात अर्नेस्ट आयर्न्झ यांना लांबट, विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या कोशिका दिसल्या. त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये हे वर्णन प्रसिद्ध केले. ‘दात्र-कोशिका पांडुरोग’ या अर्थाचे नाव व्हर्न मेसन यांनी १९२२ मध्ये रूढ केले. सांध्यांतील फिरती वेदना, ताप व हृदयात ऐकू येणारा मर्मर ध्वनी यांमुळे या रोगाच्या मुलांना संधिवाती ज्वर झाल्याचे निदान पुष्कळदा केले जाई. हा घोटाळा वैद्यकीय ग्रंथांनी दीर्घकाळ इशारा म्हणून नोंदविला आहे.

हान व गिलेस्पी यांनी १९२७ मध्ये प्राणवायू कमी झाला की कोशिका वाकड्या होतात, हे प्रयोगाने दाखविले. जेम्स नील यांनी १९४९ मध्ये आनुवंशिकतेचा नियम स्पष्ट केला : एका पालकाकडून सदोष जनुक मिळाल्यास व्यक्ती ‘वाहक’ होते व सहसा निरोगी राहते, दोन्ही पालकांकडून मिळाल्यास रोग होतो. त्याच वर्षी लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी रुग्णाचे हीमोग्लोबिन विद्युत् क्षेत्रात निराळ्या वेगाने सरकते, हे सिद्ध करून या विकाराला ‘रेणवीय रोग’ म्हटले. व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये नेमका दोष दाखविला. हीमोग्लोबिनाच्या बीटा शृंखलेतील १४६ ॲमिनो अम्लांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन असते. एवढ्या बदलाने प्राणवायू सोडल्यावर हीमोग्लोबिनाचे रेणू एकमेकांस जुळून कठीण दांडे बनतात. निरोगी तांबडी कोशिका सु. १२० दिवस जगते, दात्र-कोशिका दहा ते वीस दिवसांत नष्ट होते. त्यामुळे पांडुरोग व कावीळ ही लक्षणे उद्‌भवतात.

आनुवंशिक दोष असूनही तो टिकून का राहिला, याचे उत्तर अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून दिले. वाहक मुलांना घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणून हिवताप दीर्घकाळ नांदला त्या वनप्रदेशांत हे जनुक टिकले [→ हिवताप]. मात्र हे संरक्षण वाहकाला मिळते, रोग्याला नाही. दात्र-कोशिका रोग झालेल्या मुलाला हिवताप विशेष धोक्याचा असतो. सातपुड्यातील हिवतापाच्या पट्ट्यात ही गोष्ट महत्त्वाची आहे.

भारत व महाराष्ट्रातील संशोधन : १९५२ पर्यंत हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचा रोग समजला जात होता. त्या वर्षी हर्मन लेमान व मेरी कटबुश यांना निलगिरीतील जमातींत आणि डनलॉप व मजुमदार यांना आसामातील चहामळ्यांच्या मजुरांत दात्र-कोशिका आढळल्या. मध्य भारतात १९५८ मध्ये शुक्ल व सोळंकी यांनी नागपूर येथील पाहणी प्रसिद्ध केली. ही पाहणी आदिवासींपुरती मर्यादित नव्हती, त्यामुळे हा केवळ जमातींचा रोग आहे, ही समजूतही टिकली नाही. १९५७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या रक्तगट संदर्भ केंद्राचे पुढे प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत रूपांतर झाले व पश्चिम भारतातील हीमोग्लोबिन विकारांच्या अभ्यासाला स्थिर केंद्र मिळाले.

जनुकाच्या परिसराची रचना तपासून कुलोझिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये असे प्रतिपादन केले की, भारत व पूर्व अरबस्तान येथील दात्र-कोशिका उत्परिवर्तन आफ्रिकेतील उत्परिवर्तनाहून स्वतंत्रपणे घडले असावे. २०१८ मध्ये सर्व उत्परिवर्तनांचे मूळ एकच असल्याचा पक्ष मांडण्यात आला. हा वाद संपलेला नाही. ‘अरब-भारतीय’ प्रकारात गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन मोठेपणीही अधिक प्रमाणात राहते व ते तांबड्या कोशिकांना वाकडे होण्यापासून काही अंशी वाचविते. यावरून भारतातील रोग सौम्य असतो, असे मानले जाऊ लागले. ते सरसकट खरे नाही. विदर्भातील बालरुग्णांच्या अभ्यासात वारंवार वेदना, जंतुसंसर्ग व रक्त देण्याची गरज असलेले पुष्कळ रुग्ण आढळले.

नंदुरबार जिल्ह्यातील कार्य : या प्रदेशातील रोगप्रसाराचे चित्र स्पष्ट होण्यात डॉ. सुदाम काटे यांच्या कार्याचा मोठा वाटा आहे. पुण्यातील हडपसर येथील महाराष्ट्र आरोग्य मंडळाच्या साहाय्याने त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सातपुड्यासह राज्यातील आदिवासी भागांत रक्ततपासणीची शिबिरे घेतली. या कार्यासाठी त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री हा सन्मान देण्यात आला. काटे व लिंगोजवार यांनी २००२ मध्ये राज्यातील पाहण्यांचा गोषवारा प्रसिद्ध केला. त्यानुसार भिल्ल, पावरा, माडिया व परधान या जमातींत दात्र-कोशिका विकाराचे प्रमाण २० ते ३५ टक्के होते. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा व यवतमाळ या विदर्भातील जिल्ह्यांबरोबर नंदुरबार जिल्ह्यातही प्रत्येकी पाच हजारांहून अधिक रुग्ण असावेत, असा अंदाज त्यांनी मांडला. या यादीतील विदर्भाबाहेरचा एकमेव जिल्हा नंदुरबार होता.

या आकड्यांचा अर्थ साध्या गणिताने समजू शकेल. एखाद्या समाजात शंभरांत वीस व्यक्ती वाहक असतील आणि विवाह जनुकाचा विचार न करता होत असतील, तर दर पंचवीस जोडप्यांत एक जोडपे दोघेही वाहक असलेले निघते. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन व पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक असते. म्हणजे त्या समाजात जन्मणाऱ्या दर शंभर मुलांमागे सु. एक मूल रोग घेऊन जन्मते. भिगवण येथे संधिवाताभ संधिशोथाचे प्रमाण अर्धा टक्का आढळले होते व तो रोग मुख्यतः प्रौढांचा आहे. त्यामुळे पावरा किंवा भिल्ल समाजातील लहान मुलाच्या दुखऱ्या सांध्याकडे पाहताना आधी कोणत्या रोगाची शंका घ्यावी, हे या तुलनेवरून स्पष्ट होते.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस राज्य शासनाने दात्र-कोशिका रोग नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला व त्यात नंदुरबारचा आरंभीच समावेश झाला. आरोग्य केंद्रावर रक्ताच्या थेंबाची विद्राव्यता चाचणी करतात : विशिष्ट विद्रावात दात्र हीमोग्लोबिन विरघळत नाही व द्रव गढूळ दिसतो. ही चाचणी वाहक व रोगी यांत भेद करीत नाही. त्यासाठी विद्युत् संचारण किंवा द्रव वर्णलेखन या पद्धतीने पक्के निदान करावे लागते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दात्र-कोशिका रोगाचा समावेश करण्यात आला. नंदुरबार येथे २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय दात्र-कोशिका पांडुरोग निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून रोगाचे निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत.

सांध्यांवरील परिणाम : सहा महिने ते दोन वर्षे या वयात हातापायांच्या पंज्यांना दोन्ही बाजूंस वेदनायुक्त सूज येणे, हे या रोगाचे बहुधा पहिले लक्षण असते. पुढे केशवाहिन्यांत कोशिका अडकून हाडांचा रक्तपुरवठा तुटतो व तीव्र वेदनांचे झटके येतात. मांडीच्या हाडाच्या गोल शिराचा रक्तपुरवठा थांबल्यास ते हाड मरते, खचते व तरुण वयात लंगडणे सुरू होते. हाडांत जंतुसंसर्गही होतो. सांध्यात पाणी साचू शकते. परंतु कूर्चा पोखरणारा दीर्घकालीन शोथ हे या रोगाचे वैशिष्ट्य नव्हे. याउलट संधिवाताभ संधिशोथ सांध्याच्या अस्तरात सुरू होतो व हाडापर्यंत पोहोचतो. थोडक्यात, पहिल्यात घाव हाडातून येतो, तर दुसऱ्यात सांध्याच्या अस्तरातून.

दात्र-कोशिका रोगातील श्वेत कोशिका : केवळ वाकड्या तांबड्या कोशिका अडकल्याने रक्तवाहिनी बंद पडते, अशी प्रारंभीची कल्पना होती. ती अपुरी ठरली. या रुग्णांच्या रक्तात जंतुसंसर्ग नसतानाही श्वेत कोशिकांची संख्या पुष्कळदा बारा ते पंधरा हजारांपर्यंत असते. ऑरा प्लॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखविले की, ज्या रुग्णांत ही संख्या अधिक, त्यांत अकाली मृत्यूचा धोकाही अधिक. अस्थिमज्जेतून न्यूट्रोफिल वाढविणारे औषध अन्य कारणासाठी दिले असता या रुग्णांत वेदनेचे गंभीर झटके आल्याच्या नोंदी झाल्या. २००२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत प्रत्यक्ष दृश्य दिसले : न्यूट्रोफिल प्रथम सूक्ष्म नीलांच्या भित्तीला चिकटतात, त्यांच्या अंगाला दात्र-कोशिका चिकटतात व मार्ग बंद होतो. जंतूंवर चाल करून जाण्यासाठी असलेला न्यूट्रोफिलांचा चिकटण्याचा गुण येथे अडथळ्याचा पाया ठरतो.

संख्या अधिक असूनही या रुग्णांचे रक्षण मात्र दुबळे असते, कारण रक्तातून जंतू गाळणारी प्लीहा निकामी होत जाते. आफ्रिकी रुग्णांत ती बालपणीच आकसते; भारतीय रुग्णांत ती अनेकदा मोठी झालेली व पुढील वयातही हाताला लागणारी असते, पण तिचे कार्य पूर्ण असेलच असे नाही. फेल्टी लक्षणसमूहातही प्लीहा मोठी असते. मात्र तेथे न्यूट्रोफिल घटलेले असतात. म्हणून सांधेदुखी व प्लीहावृद्धी एकत्र आढळल्यास श्वेत कोशिकांच्या गणनेने भेद कळण्यास मदत होते. गणनेवर एकट्याने विसंबणे मात्र चुकीचे आहे. दोन्ही रोगांत शोथामुळे संख्या वाढू शकते. शिवाय दात्र-कोशिका रोगात अस्थिमज्जेतून रक्तात आलेल्या केंद्रकयुक्त अपक्व तांबड्या कोशिका गणनयंत्रात श्वेत कोशिका म्हणून मोजल्या जाण्याचा संभव असतो.

उपचारांचा इतिहास : फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये संधिवाताभ संधिशोथाच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले व अंथरुणाला खिळलेली स्त्री काही दिवसांत चालू लागली. या कार्याबद्दल १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडल व राइखश्टाइन यांना मिळाले. कॉर्टिसोनच्या वर्गातील औषधे (स्टेरॉइडे) श्वेत कोशिकांचे सांध्याकडे जाणे रोखतात, पण रक्तातील त्यांची संख्या वाढवितात. सांधेदुखीवर त्वरित गुण देणारे औषध म्हणून ती सर्वत्र वापरात आली. अनेकदा निदान न करताही ती दिली जातात. दात्र-कोशिका रोगात मात्र ती जपूनच द्यावी लागतात. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोठ्या मात्रेने हे औषध दिलेल्या मुलांच्या वेदना लवकर थांबल्या; परंतु औषध बंद केल्यावर झटका उलटण्याचे प्रमाण वाढले. दीर्घकाळ घेतल्यास मांडीच्या हाडाचे शीर मरण्याचा धोका या औषधांनीही निर्माण होतो व दात्र-कोशिका रोगात तो धोका आधीच असतो. निदानाशिवाय ‘वाताचे’ इंजेक्शन देणे या जिल्ह्यात अधिक धोक्याचे आहे, ते या कारणाने.

दोन्ही रोगांतील प्रमुख आधुनिक औषधे कर्करोगाच्या उपचारातून आलेली आहेत. भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेत तयार झालेले अमिनॉप्टेरिन हे फॉलिक अम्लविरोधी औषध १९४८ मध्ये बालकांच्या रक्तकर्करोगात वापरले गेले. गब्नर यांनी १९५१ मध्ये ते संधिवाताभ संधिशोथात वापरून पाहिले. त्याच कुळातील मेथोट्रेक्झेट हे औषध १९८० नंतरच्या दशकातील चाचण्यांनंतर या रोगाच्या उपचाराचा आधार बनले. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने दात्र-कोशिका रोगातील वेदनेचे झटके निम्म्याच्या आसपास कमी होतात, हे १९९५ मध्ये सिद्ध झाले. ते गर्भीय हीमोग्लोबिन वाढविते, हा त्याचा अपेक्षित परिणाम. त्याबरोबर न्यूट्रोफिलांची संख्या घटविते व गुण येण्यात या घटीचाही वाटा असतो. नागपूर येथे डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी बालरुग्णांवर केलेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अल्प व ठराविक मात्राही उपयुक्त ठरली. औषध स्वस्त व मात्रा सोपी असल्याने ग्रामीण भागाच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा आहे. मेथोट्रेक्झेट व हायड्रॉक्सियुरिया या दोन्ही औषधांनी श्वेत कोशिका प्रमाणाबाहेर घटू शकतात. म्हणून ती सुरू असेपर्यंत ठराविक काळाने रक्तगणना करणे अनिवार्य असते. धडगाव किंवा मोलगी परिसरातील पाड्यावरून दर काही आठवड्यांनी प्रयोगशाळेपर्यंत येणे आणि ऊसतोडीच्या महिन्यांतही औषध न चुकविणे, ही उपचारातील खरी अडचण आहे.

सामाजिक बाजू : वाहक असणे हा रोग नव्हे. तपासणीचा अहवाल विवाहाच्या वेळी मुलीविरुद्ध वापरला जाण्याची भीती असल्यास लोक तपासणी टाळतात व कार्यक्रमाचा हेतू विफल होतो. दोष दोन्ही पालकांकडून येतो, ही गोष्ट आईला दोष देण्याच्या प्रवृत्तीविरुद्ध समजावून सांगावी लागते. विवाहापूर्वी दोघांची तपासणी, दोघेही वाहक असल्यास गर्भावस्थेतील निदानाची माहिती व नवजात बालकाची तपासणी हे प्रतिबंधाचे मार्ग आहेत. रोग घेऊन जन्मलेल्या मुलाला पेनिसिलीन, प्रतिबंधक लसी, फॉलिक अम्ल, भरपूर पाणी व थंडीपासून संरक्षण एवढे वेळेवर मिळाले तरी त्याचे आयुष्य वाढते. पावरी, भिलोरी व मावची बोलणाऱ्या कुटुंबांना ही माहिती त्यांच्या बोलीत मिळणे आवश्यक आहे.

एकोणिसाव्या शतकात सांधेदुखीच्या एका नावाखाली दडलेले रोग वेगळे करण्याचे जे काम सुरू झाले, ते सातपुड्यात अद्याप पूर्ण झालेले नाही. त्यासाठी लागणारे ज्ञान व साधने उपलब्ध आहेत. दुखऱ्या सांध्यावर औषध देण्यापूर्वी रक्ताचा एक थेंब तपासणे, ही त्या कामाची पहिली पायरी होय.